दोन तास झाले की मला थांबवा

मी एरेटर बोलतोय. थायलंडमध्ये सोंगखलाच्या तळ्याकाठी एक लहानशी नगरपालिका आहे, तिच्या सांडपाण्याच्या टाकीत मी अकरा वर्षं उभा आहे. गावभरचं मोरी-संडासाचं पाणी माझ्या पायाशी येतं. मी ते घुसळतो, त्यात हवा मिसळतो आणि त्या हवेवर टाकीतले जिवाणू घाण खातात. स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. थांबलो की अंगात किडे वळवळतात.

आणि मला सांभाळणारे विच्यानकाका दर दोन तासांनी मला बंद करायचे! पहिल्या दिवशी त्यांनी आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे माझ्या खांबाला रंगीत कापडं बांधली, लाल सरबताची बाटली ठेवून हात जोडले, आणि दोनच तासांत बटण दाबलं. असा राग आला मला! एवढा मान करायचा आणि काम करू द्यायचं नाही?

काका विडी ओढत म्हणायचे, "जरा दम खा. हवा मिळाली की जिवाणू मुताचं खत करतात. हवा तुटली की तेच खत मोडतात, त्याचा वायू होऊन उडून जातो. तू सारखा फिरलास तर खत जाईल तळ्यात, नि माझी बहीण बसेल बोंबलत."

बहीण लामै तळ्यात जाळीचे पिंजरे टाकून जिताडे मासे पाळायची. आमचं पाणी कालव्यानं तिच्याकडेच जायचं.

मागच्या वर्षी नवे साहेब आले. तरुण, उत्साही.

"काका, मशीन झोपा काढतंय का?"

"नाही साहेब, ते जरा..."

"चोवीस तास चालवा. हवा जास्त, तेवढं पाणी स्वच्छ."

शेजारी चार माणसं उभी होती. चारचौघांत साहेबाला चुकलात म्हणणं आमच्याकडे होत नाही. काका नुसते हसले, म्हणाले, "बरं साहेब."

खरं सांगतो, मी खूश झालो. रात्रंदिवस फिरलो. बाहेर जाणारं पाणी नितळ दिसायचं, साहेबांनी त्याचे फोटो काढले. काका मात्र रोज बटणापर्यंत जायचे आणि हात मागे घ्यायचे.

सहा आठवड्यांनी सकाळीच लामै आली. टोपलीत मेलेले जिताडे, त्यांच्या कल्ल्यांत हिरवा चिकटा.

"दादा, तळं नुसतं हिरवंगार झालंय. पहाटे सगळे तोंडं वर काढून तडफडत होते. एक वाचला नाही. तुझं मशीन करतंय तरी काय?"

काकांनी टोपली उचलून साहेबांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं: खत तळ्यात गेलं, त्यावर शेवाळ माजलं आणि रात्री त्यानं पाण्यातली हवा संपवली. साहेबांचा चेहरा उतरला.

"काका, आधी का नाही बोललात?"

"तुमचा मान राखला, साहेब."

"आणि माझे मासे?" लामैनं विचारलं.

काका तडक टाकीपाशी आले आणि त्यांनी बटण दाबलं. थांबताना मला पहिल्यांदाच राग आला नाही, लाज वाटली.

पुढच्या महिन्यात काका निवृत्त होतायत. साहेबही कधीतरी बदलून जातील. माझे बेअरिंग खडखडतात, पण फिरायची खुमखुमी काही जात नाही. काकांच्या जागी उद्या येणाऱ्या माणसा, मला आपणहून थांबता येत नाही रे. समोर कितीही मोठा साहेब उभा असो, संकोच करू नकोस, बटण दाब. लामैनं परवाच पिंजऱ्यात जिताड्यांची नवी बोटुकली, बोटाएवढी पिल्लं, सोडली आहेत.