आवाज खाली कर

विभावरीकाकूंनी दार उघडलं आणि मी चपला काढायच्या आतच विचारलं, "काहून गं अवंतिका, आजकाल वरून तुझा आवाज येत नाही? नुसती घूं घूं चालू असते. भांडण तर नाही ना झालं तुमचं?"

"छे हो काकू," मी म्हटलं आणि जिना चढू लागले. वर्षभर जे मी कोणाशीही बोलले नव्हते, ते या बाईनं पोळ्या लाटता लाटता ओळखलं होतं.

सौमित्र हा काकूंचा मुलगा. तो आणि मी मिळून 'उलटी रेवा' हा आमचा बँड. बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला जातात आणि आमची नर्मदा, म्हणजेच रेवा, पश्चिमेला, म्हणून हे नाव. माझ्या आईला ते अजून पटलेलं नाही. "उलटी होत असेल तर डॉक्टरकडे जा," म्हणते. सौमित्र रेल्वेच्या कचेरीत आहे, मी शाळेत गणित शिकवते. आणि सिविल लाइन्समधल्या त्यांच्या घराच्या वरच्या खोलीत आम्ही असं संगीत करतो की ऐकणाऱ्याला आपण पाण्यात बसलोय की ढगात, ते कळू नये.

पहिल्या अल्बममध्ये जिकडे तिकडे मीच होते. लांबच लांब गाणी, किंचाळणारी गिटार, मशीनमधून घुमवलेला तानपुरा आणि त्यावर माझ्या आवाजाचे थरांवर थर, प्रत्येकाला एको. दुसऱ्या अल्बमच्या वेळी सौमित्रनं गिटार खोक्यात घातली. कुंडमच्या जंगलातले किडे, पनागरच्या भाजीबाजारातला गलका असं काय काय रेकॉर्ड करून आणलं, आणि माझ्या आवाजाचे तुकडे करून ते उलटे वाजवले. लोकांना आवडलं. 'या जोडीची शैली परिपक्व होते आहे,' असं इंटरनेटवर कोणीतरी लिहिलं. वाचून मी दोन दिवस हवेत होते. मग लक्षात आलं, शैली परिपक्व होता होता मी कमी होत चालले आहे.

तिसरा अल्बम आज संध्याकाळी लोकांसमोर जायचा होता. तो सौमित्रनं जवळजवळ एकट्यानंच केला. माझं गाणं रेकॉर्ड करून घ्यायचा आणि म्हणायचा, "बाकी मी बघतो, तू तुझ्या परीक्षा बघ." हे वाक्य मी किती वेळा उलटसुलट करून पाहिलं असेल! मला काढायचंय तर सरळ सांग की बाबा. पण आपण विचारावं आणि त्यानं 'हो' म्हणावं, मग? त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं म्हणत मी महिने काढले.

आज मात्र हेडफोन लावले. तबला सुरू झाला, खालून एक खर्ज आला आणि मध्येच सगळं थांबलं. रिकामी जागा. मग पुन्हा तबला. एकेक गाणं संपत गेलं आणि मी कुठेच नव्हते. अगदी शेवटच्या गाण्यात मी श्वास घेतलेला ऐकू आला, आणि शब्द यायच्या आत पुन्हा रिकामं.

"मी कुठे आहे?" मी हेडफोन काढून विचारलं.

"आहेस की. श्वास आहे ना शेवटी."

"श्वास? इतकं गाऊन घेतलंस ते श्वासासाठी?"

सौमित्रनं फोन काढला. "अरे यार, तूच तर बोलली होतीस. हर बार." त्यानं तो माझ्यापुढे धरला. माझेच मेसेज. 'मुखड्यात माझा आवाज खाली कर.' 'अंतऱ्यातही खाली.' 'इथे अजून खाली हवा.'

"मग? खाली म्हणजे हळू! माझा आवाज मलाच किनरा वाटतो म्हणून."

"खाली म्हणजे खाली," तो म्हणाला आणि हातानं तीनताल धरला. सम, टाळी, आणि तिसऱ्या जागी टाळी न देता हात हवेतून बाजूला नेला. "यहाँ हाथ खाली जाता है, रिकामा. दादाजींनी लहानपणी तबल्यावर हेच शिकवलं. मला वाटलं, तू जागा रिकामी ठेवायला सांगून राहिली."

मी डोक्याला हात लावला. घरात काकू त्याला "खाली बस" म्हणतात ते त्याला समजतं, पण या खोलीत आम्ही निम्मं हिंदीच बोलतो, आणि उरलेलं तबल्याचं. शिवाय मी तसं लिहायचे ते त्यानं "नको गं, छान आहे" म्हणावं म्हणून. पंगतीत आपण 'पुरे, पुरे' म्हणतो आणि वाढणाऱ्याच्या आग्रहाची वाट बघतो, तसं. या पठ्ठ्यानं 'पुरे' ऐकून ताटच उचलून नेलं.

"मला वाटलं, तू हळूहळू निघून चालली आहेस," सौमित्र स्क्रीनकडे बघत म्हणाला. "विचारायची हिंमत नाही झाली. तू हाँ बोल देती तो?"

मला हसू आलं आणि रडूही. "माझा आवाज पुसलास की ठेवलायस?"

"ठेवलाय. सगळा."

"लाव."

त्यानं बंद केलेले थर उघडले. शेवटचं गाणं पुन्हा सुरू झालं. श्वास आला आणि या वेळी त्याच्या मागोमाग मी आले. गोड, सुरात, न थांबता. मी ऐकत गेले आणि माझे कान गरम झाले. गाणं बिघडलं होतं. जिथे मघाशी जीव टांगणीला लागला होता, तिथे मी येऊन सगळं सांगून टाकत होते.

"माझ्याशिवाय जास्त चांगलं आहे," मी म्हटलं. त्यानं नाही म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती.

"हो," सौमित्र म्हणाला.

मला संताप आला. एवढ्या महिन्यांची धास्ती खोटी निघाली होती आणि तरीही खरी ठरली होती. मला कोणी काढलं नव्हतं, पण गाण्याला मी नको होते.

"तू जाशील याची भीती होती ना, त्यातूनच झालं हे," तो हळूच म्हणाला. "आता ती भीती गेली. पुढे मला काय जमेल, माहीत नाही. आज नको पाठवायला. मी बदलतो, तुला थोडं थोडं परत टाकतो." हाही माझ्याइतकाच घाबरला होता.

मी त्याला थांबवलं आणि ते रिकामं गाणं पुन्हा लावलं. डोळे मिटून ऐकलं. श्वास, आणि मग काहीच नाही. पण त्या काहीच-नाहीमध्ये पुढचा शब्द काय आहे, ते मला स्वच्छ कळत होतं. तो माझ्याच तोंडात अडला होता.

"असंच जाऊ दे," मी म्हटलं.

"आणि नाव?"

"दोघांचं. तिथे गप्प बसलेली मी आहे, दुसरं कोणी नाही."

सौमित्रनं नावं टाइप केली, माझं आधी. बरं वाटलं. पण ते फार टिकलं नाही. आता पुढच्या वेळी तोंड उघडायचं, तर जे येईल ते या शांततेपेक्षा चांगलं असायला हवं होतं.