उलटा दाब

"आता बस की जरा," सर म्हणाले. "बघून बघून झिजेल तो आलेख."

ती बसली आणि लगेच उठली. सकाळपासून जिवाला चैन नव्हतं. समोरच्या थंड पिंपात चिकटपट्टीने सोलून काढलेला, एका अणूच्या जाडीचा चुंबकीय पापुद्रा होता. त्यातला एकेक अणू म्हणजे इवलंसं चुंबक. एकाला डिवचलं की शेजारचं डोलतं, मग त्याच्या शेजारचं, आणि लाट पसरत जाते. विजेचा दाब देऊन पापुद्र्यात विद्युतभार भरला की ही लाट मंदावते, असं तिला दिसलं होतं. संध्याकाळी सर ते जाहीर करणार होते, आणि त्याच्याच जोरावर तिची नोकरी पुढे चालणार होती.

फोन वाजला. नवरा.

"शाळेतून तगादा लावलाय. चिमीची जागा ठेवायची का सोडायची? आपण इथे राहणार आहोत ना?"

"थोडं थांब ना रे."

तिने फोन ठेवला. एकच गोष्ट तिला कुरतडत होती. भार उलटा दिला, तर लाट वेगवान व्हायला हवी. ते तिने करूनच पाहिलं नव्हतं. उलट्या दाबाने पापुद्रा जळेल, असं ती सगळ्यांना सांगत आली होती. खरं म्हणजे ती घाबरत होती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"सर, उलटा दाब देऊन बघते."

"आज? अगं, आपल्याच पायावर धोंडा कशाला मारून घेतेस?"

"नाही बघितलं तर घशाखाली घास उतरणार नाही माझ्या."

तिने दाब उलटा केला. पडद्यावरची रेघ थरथरली आणि सरकली. पुन्हा मंद बाजूलाच. म्हणजे भाराचा काही संबंधच नव्हता. वीज कुठूनतरी झिरपत होती आणि पापुद्रा तापत होता. तापल्यावर लाट मंदावणारच, दाब सुलटा असो की उलटा.

"नुसतं गरम होतंय, सर."

सरांनी चष्मा काढला. "हे अजून आपल्या दोघांनाच माहितीय," ते हळूच म्हणाले.

"संध्याकाळी सगळ्यांना कळेल. मीच सांगते."

मग तिने घरी फोन लावला. "जागा सोड," ती नवऱ्याला म्हणाली. त्याच्या हातातून चिमीने फोन ओढून घेतला.

"आई, काम झालं ना तुझं? लवकर ये."

"उशीर होईल गं राणी. चूक नीट मोजायची राहिलीय."

तिने दाब शून्यावर आणला आणि पापुद्रा थंड व्हायची वाट बघत उभी राहिली.