आजोबांच्या टॅक्सीचा नंबर

टिचकीने चंग बांधला होता. आजोबांना मामाची रेल्वे दाखवायची म्हणजे दाखवायचीच, आणि तीही कुणी हाताला धरून ओढत न नेता.

तसं बघायला गेलं तर यात अवघड काय होतं? रेल्वे वरच्या खोलीत, आजोबा खालच्या खोलीत, मध्ये एक जिना. पण तो जिना आजोबा कधीच चढले नव्हते. गुडघे ठणठणीत होते, आडवा येत होता तो स्वभाव. त्यांनी उभा जन्म स्टेशनबाहेरच्या स्टँडवर टॅक्सी चालवली, आणि पोटचा पोरगा निघाला रेल्वेवेडा! मामा दिवसभर लोकांचे पंखे आणि फ्रिज दुरुस्त करायचा आणि उरलेला सगळा जीव बोटाएवढ्या इंजिनांत ओतायचा.

"गाडी लेट, की माझं जेवण लेट," आजोबा म्हणायचे. "जन्मभर त्या रुळांच्या नावाने बोटं मोडली, आणि आता तेच रूळ डोक्यावर येऊन बसलेत."

"बाबा, तुमचं गिऱ्हाईक त्याच गाडीने यायचं ना?"

"यायचं की. लेट यायचं."

बापलेकांचं रेल्वेवरचं बोलणं वर्षानुवर्षं इथेच संपत आलं होतं. पुढे दोघंही पेपरात तोंड खुपसायचे.

टिचकी म्हणजे मामाची भाची. हाताला लागेल त्या खेळण्यातल्या गाडीला टिचकी मारून पळवायची, म्हणून लहानपणी पडलेलं नाव. आता ती नववीत होती, वर्गात हात वर न करताही बोलायला शिकली होती, आणि मामाने तिला चक्क अख्खा चौक देऊन टाकला होता. "स्टेशन माझं, बाहेरचा चौक तुझा. रस्ता, दिवे, गाड्या, सगळं तू बघायचं. फक्त दोन गोष्टी सांभाळ. गाड्या आजोबांच्या तरुणपणच्या हव्यात, आणि मापात हव्यात. खऱ्या गाडीपेक्षा सत्त्याऐंशी पट लहान. त्यात चालढकल नाही."

झालं! टिचकी जुन्या मोटारींच्या मागे हात धुऊन लागली. खेळण्यांची दुकानं, भंगाराच्या हातगाड्या, लांबच्या काकूंचं शोकेस, काही सोडलं नाही. गाडी मापात आहे की नाही हे बघायची तिची स्वतःची युक्ती होती. खिशात एक प्लास्टिकचा हवालदार असायचा, नखाहून थोडा मोठा. गाडी दिसली की त्याला दाराशी उभं करायचं. दाराची कडी हवालदाराच्या कमरेला लागली तर गाडी पास. गुडघ्याला किंवा छातीला लागली तर नापास. दुकानदार वैतागायचे. "अगं, घ्यायची का नाही?" "थांबा काका, साहेब तपासणी करतायत."

अशाने चौक भरत गेला. दुधाची व्हॅन आली, फुगीर गालांची बस आली, चार दारांची एक पिवळी गाडी आली, स्टँडवर टॅक्सींची रांग लागली, आणि एक निळी कूपे मोटार आली. ही कूपे म्हणजे टिचकीच्या संग्रहाचा मुकुटमणी. दोन दारांची, गोल नाकाची, अजून तिच्या पारदर्शक डबीतच होती. तशी दुसरी मामाच्या रेल्वे क्लबात कुणाकडेच नव्हती. टिचकीने ती चौकातसुद्धा ठेवली नव्हती. धूळ बसेल म्हणून.

मग क्लबाचं प्रदर्शन ठरलं. शाळेच्या सभागृहात सगळ्यांनी आपापली रेल्वे मांडलेल्या फळ्या आणायच्या, एकाला एक जोडायच्या, आणि त्या सगळ्यांवरून एकच लांबलचक रेल्वे धावणार. टिचकी तडक आजोबांकडे गेली.

"आजोबा, तुम्ही यायचं."

"कशाला? लेट गाड्या बघायला?"

"तुमचा स्टँड बघायला. माझ्या फळीवर आहे."

आजोबांनी पेपर खाली घेतला. आता हे नवीन होतं. "स्टँडवर माझी टॅक्सी आहे?"

"कुठली होती तुमची?"

"राखाडी अंग, पांढरं टप, मागे माशासारखे कल्ले. आणि नाक मात्र थेट स्टँडसमोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांच्या कूपेचं. कंपनीने एकाच साच्यातून काढली होती ती नाकं. माझं बोनेट गंजलं तेव्हा डॉक्टरांच्या मोडीत निघालेल्या कूपेचंच बसवलं होतं मी." त्यांनी पेपर पुन्हा वर केला आणि त्याच्याआडून निकाल दिला. "माझी टॅक्सी असेल तर येईन. तिच्यासारखी दिसणारी भलतीच कुठली उभी केलीस, तर दारातून परत फिरेन."

टिचकीने त्या टॅक्सीसाठी जंग जंग पछाडलं. मध्येच एक अपघातही झाला. हवालदारसाहेब शाळेच्या स्कर्टबरोबर धुवायला गेले आणि मोरीत वाहून गेले. टिचकीने शोक केला आणि दुसऱ्या पाकिटातला दुसरा हवालदार खिशात भरती केला. आणि काय नशीब! नव्या हवालदाराने पहिल्याच फेरीत एका भंगारवाल्याच्या टोपलीतून ती शोधली. गोल नाक, कल्ले, चार दारं. कडी बरोबर कमरेला! टिचकी घरापर्यंत पळत आली. तिने टॅक्सी रंगवली, स्टँडवर सगळ्यात पुढे उभी केली, आणि शीळ घालत जिना उतरली.

प्रदर्शनाच्या आधीच्या आठवड्यात क्लबाच्या अध्यक्ष फळ्या तपासायला आल्या. या बाई दातांच्या डॉक्टर. क्लबात सगळे त्यांना दंतबाई म्हणत, आणि त्यांनाही ते चालायचं. पेशंटच्या तोंडात चालतो तोच छोटा आरसा आणि तीच टोचणी त्या रेल्वेच्या डब्यांवरही चालवायच्या.

"झकास," त्या चौकावर वाकून म्हणाल्या. "बस छान. व्हॅन छान. आणि ही... ही टॅक्सी आहे की ट्रक?"

"म्हणजे?" टिचकीने विचारलं.

दंतबाईंनी खिशातून पट्टी काढली आणि टॅक्सीला लावली. मग शेजारच्या बसला लावली. "दुसऱ्या मापाची आहे गं. थोडीच मोठी, म्हणून चटकन कळत नाही. पण बघ ना, या टॅक्सीतून उतरलेला माणूस या बसमध्ये बसला तर त्याचं डोकं टपाला लागेल."

"शक्यच नाही! हवालदाराने तपासलीय."

"बघू तुझा हवालदार." त्यांनी त्याला चिमट्याने उचललं, स्टेशनवरच्या हमालाशेजारी उभं केलं आणि गालातल्या गालात हसल्या. हवालदार हमालापेक्षा डोक्याने उंच होता. "तुझी मोजपट्टीच लांब निघाली, बाळ. आता हिला फळीवर ठेवता येणार नाही. नियम सगळ्यांना सारखा."

टिचकीच्या तोंडचं पाणी पळालं. दंतबाई गेल्यावर मामा तिच्याजवळ येऊन बसला. "राहू दे गं. दुसरी एखादी राखाडी गाडी ठेवू. इतक्या गर्दीत कुणाला कळतंय?"

"आजोबांना कळेल."

मामा कोपऱ्यातल्या बोगद्याकडे बघत होता, आणि टिचकीला एकदम जाणवलं की आजोबांनी यावं असं तिच्यापेक्षा कितीतरी जास्त कुणाला वाटत असेल, तर ते ह्याला. तोंडाने कबूल करणार नाही, पण वाटतंय.

ती उठली. उंच हवालदाराची त्याच क्षणी ड्रॉवरमध्ये बदली झाली. मग तिने कपाट उघडलं आणि कूपेची डबी बाहेर काढली.

"काय करतेयस?" मामाने विचारलं.

"या कूपेचं आणि टॅक्सीचं नाक एकाच साच्यातलं होतं. आजोबाच म्हणाले. पुढचं हिचं घ्यायचं, आणि मागचं त्या पिवळ्या चार दारांच्या गाडीचं. तिला कल्ले आहेत, मापातही आहे. दोन्ही कापायच्या आणि जोडायच्या."

"अगं ए! ती कूपे कापणार? वेड लागलंय का? क्लबातले लोक ही डबी नुसती हातात धरायला मागतात!"

"डबीत ठेवून काय उपयोग? आजोबा डबी बघायला येणारेत का?"

तरी डबीचं झाकण उघडताना तिचा हात थांबला. आतून नव्या प्लास्टिकचा वास आला. हा वास एकदाच येतो, मग गेला. टिचकीने ओठ घट्ट मिटले आणि कूपे मामाच्या टेबलावरच्या शेगड्याच्या जबड्यात आवळली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती दप्तरासकट दंतबाईंच्या दवाखान्यात हजर झाली. "बाई, तुमची सगळ्यात बारीक करवत द्या."

"कुणाची दाढ?"

"कूपेची."

दंतबाईंनी मास्क खाली ओढला, टिचकीकडे नीट पाहिलं आणि एकही प्रश्न न विचारता करवत दिली. "हळू चालव. दाबायचं नाही, करवतीला तिचं काम करू द्यायचं. आणि चुकलंच, तर रडायच्या आधी माझ्याकडे ये."

चुकलंच. पहिला काप तिरपा गेला. नाक आणि धड जोडल्यावर टॅक्सी सर्दी झाल्यासारखी एका बाजूला तोंड करून बसली. टिचकी रडली नाही. तिने सांधा पुन्हा कापला, कानशीने घासला, पुन्हा चिकटवला, खाच पुट्टीने भरली, पॉलिश पेपरने बोटं झिजेपर्यंत गुळगुळीत केली. गणिताच्या बाई रोज विचारायच्या, "नखांत काय हे राखाडी?" आणि टिचकी रोज सांगायची, "टॅक्सी." नाक तरीही केसभर डावीकडे राहिलंच. पण पट्टी लावली की माप चोख होतं. दंतबाईंनी आरसा फिरवून पोटाखालूनही बघितलं आणि फक्त म्हणाल्या, "पास."

प्रदर्शनाच्या दिवशी सभागृह माणसांनी फुललं होतं. मामा कंट्रोलच्या पेटीशी घाम पुसत उभा होता. टिचकीची मान दरवाज्याकडे वळून वळून अवघडली. आणि शेवटी आजोबा आले! इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले. कुणाशी न बोलता थेट चौकापाशी आले आणि चष्मा कपाळावर सरकवून वाकले.

टिचकी त्यांच्या शेजारी सरकली.

"नाक वाकडंय," आजोबा म्हणाले.

"हो, ते करवत जरा..."

"माझ्याही टॅक्सीचं वाकडंच होतं. पण उजवीकडे." ते अजून वाकले. "कल्ले बरोबर. टप बरोबर. आहे, माझीच आहे. पण इथे काय करतेय?"

"म्हणजे? स्टँडवर उभी आहे की. सगळ्यात पुढे!"

"तेच तर! मी आत्ता आलो, आणि सगळ्यात पुढे? नंबर-बिंबर काही आहे की नाही? हे मागचे सगळे सकाळपासून उभे आहेत. मला मारतील धरून!"

असं म्हणून त्यांनी दोन बोटांत टॅक्सी अलगद उचलली आणि रांगेच्या अगदी शेवटी नेऊन ठेवली. पुढच्या गाड्या एकेक करून सरकवल्या. मग हात मागे बांधून उभे राहिले.

मामाने बोगद्यातून गाडी सोडली. ती आली, थांबली. आजोबांनी पहिली टॅक्सी बोटाने हळूच चौकाबाहेर काढली आणि बाकीच्यांना एकेक जागा पुढे घेतलं. पुढची गाडी आली, पुन्हा तेच. बघणाऱ्या पोरांची गर्दी झाली. "आजोबा, मी सरकवू?" "नाही. तुझ्याकडे बॅज नाही." खुर्ची आणली तर बसले नाहीत. स्टँडवर बसलेल्या ड्रायव्हरचं गिऱ्हाईक दुसरा पळवतो, असं त्यांचं म्हणणं.

सरकत सरकत राखाडी टॅक्सी पुढे आली. आणि नेमका तिचा नंबर पहिला लागला, तेव्हाच पलीकडच्या कुणाच्या तरी फळीवर इंजिन रुळावरून घसरलं. सगळं ठप्प. आजोबांनी मान वर केली.

"काय हो स्टेशनमास्तर," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "माझं गिऱ्हाईक कुठंय?"

मामाच्या हातातला स्क्रूड्रायव्हर हातातच राहिला. मग त्याने पाठ ताठ केली. "गाडी थोडी लेट आहे, बाबा. आलीच."

"तुमच्या खात्याला लाज नाही," आजोबा म्हणाले, आणि इतके खूश दिसले की टिचकीला तोंड फिरवून हसावं लागलं.

गाडी आली. आजोबांनी टॅक्सी स्वतःच्या बोटाने चौकातून फिरवली, दिव्याला वळसा घातला, दुधाच्या व्हॅनला वाट दिली, आणि पुन्हा रांगेच्या शेवटी आणून लावली.

तेवढ्यात टिचकीची आई त्यांना न्यायला आली. "चला बाबा, किती वेळ उभे आहात! बघून झालं ना?"

"आता कसा येऊ?" आजोबा रांगेवरची नजर न काढता म्हणाले. "परत नंबर लावलाय."