रोसांदाचा डावखुरा गिअरबॉक्स

मी एक जुना गिअरबॉक्स आहे, मित्रांनो. माझ्यावर कुठल्याच कारखान्याचा शिक्का नाही. सर्बियातल्या एका खेड्यात, रोसांदा नावाच्या बाईने मला घरच्या गॅरेजमध्ये घडवले.

तिचा नवरा तिहोमीर पावाची गाडी चालवायचा. एकदा तो आलुबुखाराच्या झाडावरून पडला आणि त्याच्या उजव्या हातातली ताकद गेली. स्टिअरिंग कसेबसे धरता येई, पण तिकडे चालक डावीकडे बसतो, म्हणून उजव्या हाताला येणारा गिअरचा दांडा काही ओढवेना. तो दिवसभर खिडकीशी बसून राही.

"आपली छोटी गाडी शेजारच्या ग्वोझ्देनला विकून टाक," तो म्हणाला.

"थांब जरा. डाव्या हाताने चालेल असं काहीतरी करते."

"बाजारात मिळतं का असलं?"

"म्हणून तर घरी करतेय!"

रोसांदाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर माझी चित्रे काढली. आधी मला पुठ्ठ्याचा केले, मग लोखंडाचा. लेथवर शाफ्ट कातले, एकेका चक्राचे दात पाडले. दांडा डाव्या बाजूला, दाराजवळ आला. पुढे ढकलला की एक गिअर वर, मागे ओढला की एक खाली. गाडीच्या जुन्या गिअरबॉक्सचे कवच कापून, जोडून तिने मला त्यात बसवले. ते मला अगदी नेमके बसले.

चाचणीच्या दिवशी शेजारचा ग्वोझ्देन फाटकात येऊन उभा राहिला. गाडी विकत घ्यायला तो टपलेलाच होता. अंगणात आयवारच्या, म्हणजे भाजलेल्या मिरच्यांच्या चटणीच्या, बरण्या मांडल्या होत्या. तिहोमीरने पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी सुसाट मागे गेली! बरण्या खळ्ळकन फुटल्या.

रोसांदाचा चेहरा पांढराफटक पडला. मला वाटले, आता भंगारातच जायचे.

"काय गं हे, खेकडा बनवलास की काय?" तिहोमीर म्हणाला. आणि तो हसायला लागला. झाडावरून पडल्यापासून पहिल्यांदाच. डोळे पुसत त्याने विचारले, "मग पुढे जायला काय टाकू? रिव्हर्स?"

त्याने खरोखरच रिव्हर्स टाकला. गाडी हळूहळू पुढे निघाली. ग्वोझ्देन टुणकन बाजूला झाला.

"अरे, विकणार होतास ना?" तो ओरडला.

"ही? ही आता माझी आहे!"

दुसऱ्या दिवशी रोसांदाने मला उघडले. माझ्या पोटातले चाकांना फिरवणारे मोठे चक्र चुकून उलट्या बाजूला बसले होते. बस, एवढेच! एकही दात मोडला नव्हता. तिने सुटकेचा निःश्वास टाकला. चक्राची बाजू बदलली आणि मी सरळ झालो. त्यानंतर मी तिहोमीरला कितीतरी वर्षे फिरवले.

अधूनमधून माझे तेल बदलायचे राहून जाई, तेव्हा मी कुरकुरायचो. ते ऐकून रोसांदा लगेच धावत येई. मित्रांनो, तुमच्या घरातले यंत्रही असेच कुरकुरते का? त्याचे ऐका. आणि एखादे उलटे चालले, तर फेकण्याआधी उघडून पाहा. कदाचित सगळे शाबूत असेल, फक्त एकाच चक्राची बाजू चुकली असेल.