एकशेबारा फॉर्म

मुख्याध्यापक म्हणून दादाचा गावभर दरारा होता, आणि त्याच्या धाकट्या बहिणीला त्या दराऱ्याचं कायम हसू यायचं. ती पॅथॉलॉजी लॅबमध्ये अठरा वर्षं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसलेली. बायकांच्या गर्भाशयाच्या मुखातल्या पेशी काचपट्टीवर यायच्या. त्यांना रंग चढवायचा आणि एकेक पेशी बघायची, हे तिचं काम. काचपट्टीवर नाव नसतं, नंबर असतो. पेशीकडे बघून घरंदाज कोण नि उनाड कोण हे कळत नाही, एवढं ती पहिल्या वर्षीच शिकली होती. दादा पन्नाशी उलटली तरी शिकायचा होता.

त्या हिवाळ्यात शाळेत उलट्या-जुलाबांची साथ आली. पोरं वर्गात ओकली, शिक्षक आडवे झाले, खुद्द दादा दोन दिवस संडासातून बाहेर आला नाही. तिसऱ्या दिवशी उठला तो थेट मैदानावर. सगळ्या शाळेला उन्हात उभं करून त्यानं विषाणू म्हणजे काय, तो हातावाटे तोंडात कसा जातो, साबण किती वेळ चोळायचा, यावर तासभर भाषण दिलं. आपल्याला किती वेळा जावं लागलं तेही आकड्यासकट सांगितलं. लोकांनी कौतुक केलं. सर किती मोकळेपणानं बोलतात म्हणाले.

महिनाभरानं आरोग्य खात्याकडून शाळेत फॉर्म आले. गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर शरीरसंबंधातून पसरणाऱ्या ज्या विषाणूमुळे होतो, त्यावरची लस मुलींना मोफत द्यायची होती. त्या वयोगटातल्या एकशेबारा मुली, एकशेबारा फॉर्म, खाली पालकांची सही. दादानं तो गठ्ठा कपाटात टाकला आणि किल्ली खिशात ठेवली. लॅबमध्ये नमुने घेऊन येणाऱ्या नर्सबाई बहिणीला म्हणाल्या, "तुमच्या बंधूंच्या शाळेतून एकही कागद परत आलेला नाही. मुली नाहीत का तिथे?"

रविवारी ती दादाकडे जेवायला गेली आणि पहिल्या घासालाच विषय काढला.

"फॉर्म का वाटले नाहीस?"

"मुलींच्या हातात ते द्यायचं? त्यात काय लिहिलंय पाहिलंस का?"

"रोज तेच पाहते."

"मग तो आजार कशानं होतो ते तुला ठाऊक आहे." दादानं आवाज खाली आणला, जणू भिंतीपलीकडे पालकसभा बसली होती. "आपल्या घरातल्या मुलींना त्याची गरज नाही."

"लग्नं होतील ना त्यांची? का नवरे उकळून, गाळून मिळतात?"

तेरा वर्षांची भाची ताटातून मान वर काढेना. वहिनींनी दादाला वाढता वाढता म्हटलं, "आधी जेवून घ्या." दादा जेवला. विषय संपवायचा असला की तो असाच आज्ञाधारक व्हायचा.

मागं भांडी पुसताना वहिनी हळूच म्हणाल्या, "वन्सं, ती तुमची तपासणी दुखते का हो?"

"दोन मिनिटांचं काम. का, काही त्रास होतोय?"

"त्रास असा नाही. अधूनमधून डाग दिसतो. वय झालं असेल."

वहिनी एकेचाळीसच्या होत्या. बहिणीच्या हातातलं फडकं थांबलं. अठरा वर्षांत हजारो परक्या बायकांच्या पेशी तिनं बघितल्या, आणि घरातल्या बाईला एकदाही विचारलं नाही की तुम्ही तपासून घेतलंत का. हसत मात्र ती दादाला होती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, आणि दिवा आपणच.

मंगळवारी वहिनींचा नमुना आला. नियमाप्रमाणे तो तिनं मोठ्या डॉक्टरीणबाईंपुढे ठेवला, पण आधी रंग चढवताना एकदा डोळा लावलाच. पेशींची केंद्रं फुगलेली, काळपट, वेडीवाकडी. पुढे तुकडा काढून तपासला. कॅन्सर नव्हता, त्याच्या अलीकडची पायरी होती. तेवढा भाग काढून टाकला की भागणार होतं. सकाळी जाऊन संध्याकाळी घरी.

दादा दवाखान्यात गेला, कारण विचारलं, डॉक्टरांनी सांगितलं. घरी आल्यावर त्यानं आपला टॉवेल वेगळ्या खिळ्याला टांगला. पाण्याचा पेला वेगळा केला. तिसऱ्या दिवशी, पोरगी शाळेत असताना, त्यानं बायकोला विचारलं, "तुला हे आलं कुठून?"

जिला भाजीला जायचं तरी कुणीतरी सोबत लागायचं, तिला हा प्रश्न. वहिनींनी फोनवर तो बहिणीला जसाच्या तसा ऐकवला, वर एक शब्द घातला नाही. बहीण लॅबचा एप्रनही न काढता निघाली.

दादा पेपर तपासत बसला होता. "मी फक्त विचारलं," तो म्हणाला. "नवऱ्याला तेवढा अधिकार असतो."

"असतो ना. मग उत्तरही घे. टॉवेल खिळ्यावरून काढ आधी, त्याचा काही संबंध नाही. हा विषाणू सर्दीसारखा सर्रास आहे. बहुतेकांना कधी ना कधी होतो आणि वर्षा-दोन वर्षांत आपोआप जातो. काहींच्या अंगात वीस-वीस वर्षं दडून बसतो. वहिनी विसाव्या वर्षी या घरात आल्या. त्यांच्या आयुष्यात पुरुष एकच. तू तेव्हा एकतीसचा होतास. गणित तू शिकवतोस, मी नाही."

दादानं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला. मैदानावर हजारभर पोरांपुढे तासभर बोलणारा माणूस दोन बायकांच्या घरात शब्द शोधत होता.

"पहिल्या नोकरीला बाहेरगावी एकटा होतो," शेवटी तो म्हणाला. "तेव्हाचं... ते काही मोजण्यासारखं नव्हतं."

वहिनी वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. रडतील असं बहिणीला वाटलं. त्यांनी कपडे खुर्चीवर ठेवले.

"ते फॉर्म कुठे आहेत?"

"शाळेत. कपाटात."

"उद्या वाटा. आपल्या पोरीचा घरी आणा, सही मी करीन."

एकवीस वर्षांच्या संसारात वहिनींच्या वाक्याच्या शेवटी 'चालेल का' नव्हतं, ही पहिलीच वेळ.

फॉर्म वाटले गेले. सत्त्याण्णव सह्या होऊन परत आले. लशीच्या दिवशी दादानं चाळीस मिनिटं भाषण दिलं. या मोहिमेसाठी आपण पहिल्यापासून आग्रही होतो, असं सांगितलं. आजाराचं नाव एकदाही घेतलं नाही. 'स्त्रियांचा एक गंभीर विकार' एवढंच. टाळ्या पडल्या. वहिनी भाषण अर्ध्यावर सोडून उठल्या आणि नर्सबाईंच्या टेबलापाशी जाऊन, सुईला घाबरलेल्या एका मुलीचा हात धरून उभ्या राहिल्या.

तेवढा भाग काढल्यावर सहा महिन्यांनी वहिनींची पुन्हा तपासणी झाली. पेशी स्वच्छ होत्या. मात्र त्यांचं अंथरूण पोरीच्या खोलीत गेलं होतं ते तिथंच राहिलं.

एका दुपारी दादा लॅबच्या खिडकीशी आला. अठरा वर्षांत पहिल्यांदाच.

"तू जरा तिला समजव ना," तो म्हणाला.

"काय समजवू?"

कुणी ऐकत नाही ना, ते दादानं वळून पाहिलं. त्याच्या मागे एक बाई नमुन्याची डबी पदराखाली झाकून ताटकळत उभी होती.

"बाजूला हो दादा," बहीण म्हणाली. "या बाई, तुमचा नंबर सांगा."