बटणामागे एक गोळी

आधीच सांगते, लहान मुलांचं मला फारसं कौतुक नाही. शिवणकाम करणाऱ्या बाईच्या घरात मूल म्हणजे कात्री, सुया आणि जिवाला घोर. नवरा गेल्यापासून घरात मी आणि मशीन. आम्हा दोघींत बडबडी तीच.

त्या दिवशी शर्टाचं बटण निसटून मशीनखाली गेलं. गुडघ्यांमुळे मला वाकता येत नाही. “अरे देवा,” एवढंच म्हणाले. तर समोरच्या घरातली अडीच वर्षांची भिंगरी उघड्या दारातून तुरुतुरु आत आली, पालथी पडून तिनं बटण काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. शाबासकीसाठी थांबलीसुद्धा नाही.

मग रोज येऊ लागली. रीळ घरंगळलं, भिंगरी हजर. टेप पडली, भिंगरी हजर. खरं सांगायचं तर चौथ्या दिवशी टेप मीच पाडली.

आणि तिथेच मी अक्कल गहाण ठेवली. ही उद्या आली नाही तर? या धास्तीनं गोळ्यांचा डबा आणला. उचललेल्या प्रत्येक वस्तूमागे एक गोळी.

दोन दिवसांत पोरगी तरबेज झाली. बटण एका मुठीत घट्ट, दुसरा हात पुढे. “आधी गोळी!”

आठवड्यानं तिची आई दारात आली. “काकू, राग मानू नका, पण गोळ्या नका देऊ हो. दात किडतील तिचे.”

दुसऱ्या दिवशी रीळ पडलं. भिंगरी आली.

“गोळी?”

“संपल्या गं. आजीला रीळ देतेस?”

तिनं रिळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि निघून गेली. पुन्हा फिरकली नाही. एवढीशी पोर आणि इतकी मतलबी, असं म्हणून मी चार दिवस मशीनजवळ चडफडत होते.

काल दुपारी जिन्यात पोस्टमनच्या हातून पत्रांचा गठ्ठा सुटला. पाकिटं पायऱ्यांवर पांगली. भिंगरी धावत आली. एकेक उचलून तिनं त्याच्या हातात दिलं, शेवटचं दिलं आणि फ्रॉकला हात पुसत घरात पळाली. हात पुढे केला नाही.

पोरगी होती तशीच होती. भाव करायला मी शिकवलं होतं, तेही फक्त माझ्या दारात. मला स्वतःचीच लाज वाटली.

“गोड पोर आहे,” पोस्टमन माझं पत्र देत म्हणाला. “तुमच्याकडे येते का?”

“यायची,” मी म्हणाले.