वाकडी चोच

मालजा मावशी कारखान्यात शिरल्या त्या ओली टोपी हातात घेऊनच. कापड कापायच्या टेबलावर ती त्यांनी ठेवली नाही, आपटली.

"ही बघा. काल वाम माशांच्या टाकीत पडली. बाहेर काढेपर्यंत पुढची चोच फुगून पाव झाली होती."

योनजूने टोपी उलटी करून चोच दाबून पाहिली. आत पुठ्ठा होता. स्वस्तातल्या टोप्यांत पुठ्ठाच घालतात, आणि पुठ्ठ्याला पाणी लागलं की टोपी संपली.

जागाल्चीच्या मासळीबाजारात मावशींचा गाळा होता. तिथल्या गाळेवाल्या बायकांचं एक मंडळ होतं आणि मावशी त्याच्या पुढारी होत्या. दरवर्षी एकदा सगळ्या मिळून साजिकच्या मैदानावर बेसबॉलचा सामना बघायला जायच्या. ह्या वर्षी त्यांना सगळ्यांसाठी एकसारख्या टोप्या शिवून हव्या होत्या. फक्त सामन्यापुरत्या नाही, नंतर रोज गाळ्यावर घालता येतील अशा.

"रंग कुठलाही द्या," मावशी म्हणाल्या. "पण वाऱ्याने उडायची नाही, पाण्याने मरायची नाही, आणि हे दबायचं नाही." हे म्हणजे डोक्यावरचे बारीक कुरळे केलेले केस. "ह्या कुरळ्यांपायी अख्खी सकाळ पार्लरमध्ये बसते मी."

आतल्या मशीनवरून बोकसुनने मान न वळवता विचारलं, "मावशी, टोपी हवीय की छत्री?"

"तू गप गं. तुझा बाप असता तर आत्तापर्यंत माझं डोकं मोजून झालं असतं."

बाप, म्हणजे म्हातारे बांग, जाऊन बरीच वर्षं झाली होती. बुसानच्या बोमिल भागातल्या ह्या गल्लीत त्यांनी टोप्यांचा कारखाना काढला तेव्हा आजूबाजूला सगळी शिलाईचीच कामं चालायची. आता गल्लीत कॉफीची दुकानं जास्त होती. कारखाना थोरल्या बोकसुनने चालू ठेवला, मासेमारीच्या क्लबांच्या, शाळांच्या, चर्चच्या सहलींच्या टोप्यांवर. धाकटी योनजू लग्नाआधीच सोलला गेली, निर्यातीच्या एका मोठ्या कंपनीत टोप्यांची डिझाइनं करायला लागली. कंपनीने आधी शिलाई व्हिएतनामला हलवली, मग फर्मे, म्हणजे कापडावर ठेवायचे कागदी आकार, कापायचं काम, आणि शेवटी डिझाइनवाल्यांनाही निरोपाची फुलं दिली. नवऱ्याशी तिचं त्याआधीच फाटलं होतं. ती परत बुसानला आली आणि ताईच्या कारखान्यात तिने एका कोपऱ्यात टेबल टाकलं. तेव्हापासून योनजू फर्मे काढायची, कापायची, आणि बोकसुन शिवायची. दोघी दिवसभर भांडायच्या आणि दुपारी एकाच भांड्यातला डुकराच्या मटणाचा रस्सा-भात खायच्या.

मावशींचं काम योनजूने मनावर घेतलं. सोलमध्ये तिने ज्यांच्यासाठी टोप्या काढल्या ती डोकी तिने कधी पाहिलीच नव्हती. कंपनीचा डोक्याच्या आकाराचा ॲल्युमिनियमचा साचा होता, त्यावर बसली की टोपी बरोबर. इथे ती सरळ बाजारात जाऊन बसली. बंदरावरचा वारा कुठून येतो ते तिने पाहिलं. समोरून येतो तेव्हा टोपी उडत नाही, बायका मासा काढायला खाली वाकतात तेव्हा मागून येतो आणि चोचीखाली शिरतो. परवानगी घेऊन तिने तिघीचौघींच्या कुरळ्या केसांत हात घालून पाहिला. फीत बाहेरून मोजते, पण केसांच्या खाली खरं डोकं कुठे सुरू होतं ते हातालाच कळतं.

"काय शोधतेस, उवा?" एकीने विचारलं.

"तुमचं डोकं, मावशी."

"सापडलं तर माझ्या सुनेला कळव. ती म्हणते, नाहीच आहे."

परत येऊन योनजूने नवा फर्मा कापला. टोपी सहा पाकळ्यांचीच, पण पाकळ्या मागच्या बाजूला जास्त उतरत्या, म्हणजे टोपी मानेपर्यंत खोल बसेल आणि वाकलं तरी पकड सोडणार नाही. वर केसांना जागा. चोचीत पुठ्ठ्याऐवजी प्लास्टिक. कापड पातळ नायलॉनचं, घडीभरात वाळणारं. आणि पुढच्या दोन पाकळ्यांच्या आत टोपी ताठ राहण्यासाठी जो बकरम घालतात, तो तिने काढून टाकला.

बोकसुनने ते मऊ कापड दोन बोटांत धरलं. "बकरमशिवाय? ही टोपी आहे की उकडलेल्या मोमोचं साल?"

"धुवायची आहे ना ताई. बकरम किती दिवस टिकेल?"

"बाबांनी बिनबकरमाची टोपी कधी शिवली नाही."

"बाबांनी वामही विकले नाहीत."

बोकसुन पुटपुटत मशीनवर बसली. संध्याकाळी नमुना तयार झाला. योनजूने तो साच्यावर चढवला, वाफ दिली, दोन पावलं मागे सरकून पाहिलं. चोच वाकडी होती. फार नाही, पण टोपी घातलेला माणूस समोर बघतोय आणि चोच शेजाऱ्याकडे बघतेय, असं दिसत होतं.

"फर्मा चुकलाय तुझा," बोकसुन म्हणाली. "डावीकडची पाकळी मोठी झालीय."

योनजूने पाकळ्या एकमेकींवर ठेवून पाहिल्या. सारख्याच वाटल्या. तरी तिने नवा फर्मा कापला. दुसरा नमुना तसाच, चोच त्याच बाजूला. मग तिने चोचीचा बाकच बदलला. तिसरा नमुना घेऊन ती बाजारात गेली, म्हटलं निदान डोक्यावर कशी बसते ते तरी कळेल.

मावशींनी टोपी घातली, वाकल्या, मान हलवली. "बसते छान. उडतही नाही." मग शेजारच्या गाळ्यावरच्या आरशात बघून त्या थांबल्या. "पण ही अशी का गं? कोंबडी कान देऊन ऐकते तशी दिसतेय मी."

सगळ्या बायका हसल्या. योनजूही हसली, पण परतीच्या वाटेवर तिला जुनं बोलणं आठवलं. सोलमधल्या साहेबाने शेवटच्या महिन्यात तिला सुनावलं होतं, की आता नजर जुनी झाली, नव्या मुली कॉम्प्युटरवर एका दुपारी करतात ते काम तू आठवडाभर करतेस. तेव्हा तिने ते कानाआड केलं होतं. आता वाटायला लागलं, की खरंच असेल. साधी चोच सरळ बसवता येत नाही आपल्याला.

तिने तिसरा नमुना उसवायला घेतला. चूक सापडली नाही तर मावशींना नाही म्हणून सांगायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं. चोचीची शिवण टाका टाका करून सोडवली आणि कापड खिडकीपाशी उजेडात धरलं. उजव्या अर्ध्या भागात सुईची भोकं बारीक, गोल होती. डावीकडे ती लांबट झाली होती, कापड ओढलं गेल्यासारखी. तिने आधीचे दोन्ही नमुने उसवले. तेच. पाकळ्या बरोबर कापल्या होत्या. शिवताना डावीकडचं कापड ताणलं जात होतं. जाड कापडाच्या, बकरमाच्या टोप्यांत इतका ताण पचून जातो, कुणाला दिसत नाही. ह्या मऊ नायलॉनमध्ये तो उघडा पडला होता.

चोच बसवणं हे टोपीतलं सगळ्यात अवघड काम. मशीनला उंच मान असते, तिच्यावर टोपी चढवून उजव्या हाताने चोच धरायची आणि डाव्या हाताने टोपी बाहेरून उचलून वळणावर फिरवत न्यायची. डावा हात खांद्यापर्यंत वर गेला नाही तर उजव्याने ओढावं लागतं, आणि डावीकडचं कापड ताणलं जातं.

योनजू मागे वळली. बोकसुन एका क्लबच्या टोप्या शिवत होती. वळण आलं तसं तिने मशीन थांबवलं, उजव्या हाताने स्वतःचा डावा हात कोपरातून उचलून टोपीवर ठेवला, आणि पुन्हा मशीन चालू केलं. हे तिने इतक्या सवयीने केलं, की योनजूच्या लक्षात आलं, हे आजचं नाही. ताईच्या अंगाला येणारा दुखण्यावरच्या औषधी पट्ट्यांचा वास तिला रोजचाच झाला होता. ह्या वयाच्या सगळ्याच बायकांना येतो म्हणून तिने कधी विचारलं नव्हतं.

"ताई, हात कधीपासून उचलत नाही?"

मशीन थांबलं. "कुणाचा हात?"

"तुझा. डावा."

"उचलतो की."

"मग उचल."

बोकसुनने हात उचलला. छातीपर्यंत आला आणि तिथेच अडला. तिने तो तसाच खाली घेतला आणि मांडीवरचे दोरे झटकायला लागली.

"थंडीने आखडतो जरा."

"आता कुठली थंडी? ताई, चोच तुझ्या हातामुळे वाकडी होतेय. फर्म्यामुळे नाही. मी भोकं पाहिली."

"म्हणजे मला शिवता येत नाही म्हण ना. तू सोलमध्ये एसीत बसून चित्रं काढत होतीस तेव्हा ह्याच हाताने कारखाना चालवला मी. बाबांचं आजारपण काढलं."

"मी काय म्हणतेय आणि तू काय बोलतेस? तुला माहीत होतं. तुला हाताने कळलं असणार कापड ओढलं जातंय ते. तरी मला फर्मा चुकला म्हणून सांगितलंस, आणि मी मूर्खासारखी कापत बसले. मला वाटलं, मी संपले. साहेब बोलला ते खरंच होतं."

बोकसुनने मशीनचा दिवा बंद केला, कोट घेतला, डावी बाही चढवायला तिला वेळ लागला. योनजू मदतीला पुढे झाली तशी ती म्हणाली, "राहू दे," आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. फोन उचलला नाही. फक्त निरोप पाठवला, क्लबच्या टोप्यांना बटणं लावून ठेव.

योनजूने बटणं लावली, आणि मग ताईच्या मशीनवर बसली. लहानपणी तिने पाकळ्या जोडल्या होत्या, पण चोच बाबा कुणालाच शिवू देत नसत. पहिल्या टोपीला सुई मोडली. दुसरी टोपी शिवून झाली ती साच्यावर चढेना, कारण आतली घामपट्टी चोचीखाली चिमटली होती. तिसरी उजवीकडे वाकडी झाली. म्हणजे ताईच्या उलट बाजूला, असं म्हणून ती एकटीच हसली. बिघडलेल्या टोप्या तिने टेबलाखालच्या खोक्यात टाकल्या. खोकं भरत आलं.

बोकसुन आली ती जवाच्या चहाचा थर्मास घेऊन. योनजू मशीनवर होती. बोकसुनने खोक्यात डोकावून पाहिलं, एक टोपी काढली, बाजू फिरवून पाहिली, परत टाकली.

"इस्पितळात गेले होते," ती म्हणाली. "खांद्याच्या आतला स्नायू फाटलाय. कापून शिवायचा म्हणतात. म्हटलं, डॉक्टर, सरळ शिवा."

"कधी?"

"पुढच्या महिन्यात. मग बरेच दिवस हात झोळीत." तिने स्टूल ओढून योनजूच्या मागे बसकण मारली. "टोपी ढकलू नकोस. तिला जाऊ दे. वळण यायच्या आधीच कोपर वर ने. आधी. आता उशीर झाला तुला."

"सांगतेस तर नीट सांग."

"नीटच सांगतेय. तुझं कोपर ऐकत नाही."

तो सगळा आठवडा असा गेला. बोकसुन पट्टीने योनजूच्या कोपराला टोचायची, योनजू चिडायची, उठून जायची, परत येऊन बसायची. माफी कुणी मागितली नाही. एका दुपारी योनजूने टोपी साच्यावर चढवली. चोच समोर होती. बोकसुनने डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाली, "चालेल," आणि जेवायला काय मागवायचं ते विचारलं.

काम हळू झालं, पण सामन्याआधी झालं. टोप्या गडद निळ्या होत्या, समोर नारिंगी धाग्यात लहानसा वाम, वळसा घातलेला. दोघी बहिणी पेट्या घेऊन बाजारात गेल्या. बायकांनी हातातले रबरी मोजे काढले, टोप्या घातल्या, एकमेकींकडे बघून हसल्या, वाकून पाहिलं. एकीने तर मुद्दाम टोपी टाकीत बुडवून, झटकून पुन्हा घातली.

मालजा मावशी आरशात बघत म्हणाल्या, "आता कशी सरळ झाली. तेव्हा काय झालं होतं गं, योनजू? फर्मा चुकला होता ना?"

योनजू पेटीचा दोर गुंडाळत होती. हो म्हणून टाकावं, असं तिला वाटलं. एवढ्या बायकांसमोर ताईच्या हाताचा विषय कशाला काढायचा.

"फर्मा पहिल्यापासून बरोबर होता, मावशी," बोकसुन म्हणाली. "माझा हात गेलाय. मीच वाकडी शिवली आणि हिच्यावर ढकलली."

मावशींनी बोकसुनचा डावा हात धरून हळूच वर उचलून पाहिला, जिथे अडला तिथे सोडला.

"आणि अजून मशीनवर बसतेस?"

"आता नाही बसत. आता ही बसते. मी मागून शिव्या देते."

"ते तुला चांगलं जमतं," मावशी म्हणाल्या आणि त्यांनी दोघींना भाजलेला वाम खायला बसवलं.

योनजू तव्याकडे बघत राहिली. धुरामुळे डोळ्यांत पाणी आलं असं तिने शेजारणीला सांगितलं. बोकसुनने उजव्या हाताने एक तुकडा पानात गुंडाळला आणि तिच्या तोंडासमोर धरला.

शस्त्रक्रियेनंतर बोकसुन हात झोळीत घेऊन बाजारोबाजार हिंडायला लागली. गिर्‍हाइकांशी बोलणं हे काम तिने आधी कधी केलं नव्हतं, पण लोक तिला घाबरायचे आणि तिचं ऐकायचे. सुक्या मासळीच्या बाजारातल्या बायकांचं काम तिने असंच आणलं. त्यांना टोप्या गुलाबी हव्या होत्या. योनजू म्हणाली, गुलाबीवर डाग दिसतील. बोकसुन म्हणाली, तुला विचारलंय कुणी, आणि दोघी त्यावरून संध्याकाळपर्यंत भांडत राहिल्या.